थाई करी ४५०ची, बिल ७९७चं

मेन्यूकार्डावर थाई करी ४५० रुपये. तुम्ही एकटेच गेलात, एकच करी मागवली आणि बिल आलं ७९७. बेरीज कुठेही चुकलेली नाही. करी ४५०, तिच्याबरोबरचा भात १८० (करीच्या किमतीत भात धरलेला नव्हता), पाण्याची बाटली ६०. झाले ६९०. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे ६९. आता ७५९. त्यावर ५ टक्के जीएसटी, ३७ रुपये ९५ पैसे. यातली बाटली टाळता येते आणि सर्व्हिस चार्ज काढून घेता येतो. एवढं केलंत तर तीच करी आणि तोच भात ६६१ रुपये ५० पैशांत होतो.

बाणेर, कोथरूड, ठाणे, मुलुंड, बोरिवली अशा कुठल्याही वस्तीत आता चालत जाण्याच्या अंतरावर एक ‘पॅन एशियन’ आणि त्याच्या शेजारी एक डेझर्ट कॅफे असतोच. तिथे जाण्याआधी आणि बिल हातात आल्यावर काय बघायचं, ते पुढे दिलं आहे.

कुठे किती पडतं

गाडीवरचं चायनीज साधारण ८० ते १५० रुपयांत प्लेट, कर नाही, बिल नाही. गल्लीतल्या फॅमिली चायनीजमध्ये हक्का नूडल्स किंवा फ्राइड राइस दोनशे ते तीनशेच्या घरात. एसी, लाकडी टेबलं आणि वाटीत सोया सॉस आला की तोच पदार्थ ४०० ते ६५०. डिमसमची प्लेट साडेतीनशे ते पाचशे, रामेनचा वाडगा साडेचारशेच्या पुढे. कॅफेत चीजकेकचा तुकडा अडीचशे-तीनशे, बोबा टी दोनशे ते तीनशे, वॉफल दीडशेपासून. हे आकडे पुणे-मुंबईच्या उपनगरांतले ढोबळ आहेत. मॉलमध्ये आणि कोरेगाव पार्क-वांद्र्यात यावर आणखी चढतात.

चौघं मद्याशिवाय पोटभर जेवलात आणि नंतर दोन गोड पदार्थ वाटून खाल्लेत, तर फॅमिली चायनीजमध्ये दीड हजार आणि पॅन एशियनमध्ये साडेतीन हजार धरून निघा. बजेट हाताबाहेर जातं ते जेवणामुळे क्वचितच. जातं ते मॉकटेलमुळे. चार मॉकटेल म्हणजे दोन मेन कोर्स, आणि ग्लासात अर्धा बर्फ. प्यायचंच असेल तर चायनीज चहाची किटली मागवा. बऱ्याच ठिकाणी ती चौघांना पुरते.

ऑर्डर देताना

डिमसम आणि सुशीच्या प्लेटमध्ये नग किती, हे आधी विचारा. कुठे चार, कुठे सहा, कुठे आठ. चौघांत सहा नग आले की दुसरी प्लेट मागवावी लागते, आणि हॉटेलवाल्याला ते ठाऊक असतं. सूप ‘वन बाय टू’ मिळेल का, हे मेन्यूत लिहिलेलं नसलं तरी विचारा. वस्तीतली बहुतेक हॉटेलं देतात, काही जण दुसऱ्या वाटीचे वीस-तीस रुपये लावतात.

‘हाफ’ प्लेट कधीच निम्म्या किमतीत येत नाही. साधारण साठ-पासष्ट टक्के किंमत लागते, त्यामुळे दोन हाफपेक्षा एक फुल परवडते. ‘ड्राय की ग्रेव्ही?’ असं वेटर विचारतो तेव्हा दोन्हींची किंमत एकच आहे का, ते बघून घ्या. ग्रेव्ही मागवलीत तर भात किंवा नूडल्स वेगळे घ्यावे लागतील. त्यापेक्षा ट्रिपल शेजवान किंवा पॉट राइससारखा पदार्थ घेतला की भात, नूडल्स आणि ग्रेव्ही एकाच किमतीत येतात. चव नाजूक नसते, पण पोट भरतं.

सगळ्यात मोठा खड्डा मासळीच्या पानावर असतो. खेकडा, लॉबस्टर, अख्खं पापलेट यांच्यासमोर आकडा नसतो. ‘एपीएस’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे किंमत आकारावर. त्या पानावरून काहीही मागवण्याआधी तीन प्रश्न विचारा : आजचा किलोचा भाव काय, आमच्या टेबलावर येणाऱ्या नगाचं वजन किती, आणि ते वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं? शक्य असेल तर नग दाखवायला सांगा. चांगली हॉटेलं कच्चा खेकडा ताटात ठेवून टेबलाशी आणतात. जे नाखूश होतात त्यांच्याकडे चिकन खा.

वेटर पहिलाच प्रश्न टाकतो, ‘सर, मिनरल चालेल ना?’ तुम्ही मान डोलावली की बाटली फुटते. ‘साधं पाणी द्या’ हे तीन शब्द मेन्यू उघडण्याआधी म्हणा. बाटलीवर छापील किंमत २० आणि बिलात ६० असेल तर वाद घालून उपयोग नाही. हॉटेलात बसून प्यायलेल्या पाण्याला छापील किमतीचं बंधन लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. मात्र आइस्क्रीम पार्लरच्या काउंटरवरून बंद डबा किंवा कँडी घरी नेत असाल, तर छापील किमतीत सगळे कर आलेले असतात. त्यावर जीएसटी नाही आणि फ्रीजचा ‘कूलिंग चार्ज’ही नाही.

सर्व्हिस चार्ज : द्यायचा की नाही

तो देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या : हॉटेलने बिलात सर्व्हिस चार्ज आपणहून लावायचा नाही, दुसऱ्या नावाने वसूल करायचा नाही, दिला नाही म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही, आणि तो जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटी आकारायचा नाही. हॉटेलचालकांच्या संघटना कोर्टात गेल्या, सूचनांना काही काळ स्थगितीही होती. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि सूचना कायम केल्या. संघटना त्यावर अपिलात गेल्या आहेत. कॅशियरने ‘मॅटर कोर्टात आहे’ म्हटलं तर ही तारीख सांगा.

दारावरची किंवा मेन्यूच्या तळाची ‘येथे १० टक्के सर्व्हिस चार्ज आकारला जातो’ ही पाटी तुम्हाला बांधत नाही. ‘आत आलात म्हणजे तुम्हाला मान्य आहे’ हा युक्तिवादही चालत नाही. नावं बदलून येतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा : स्टाफ वेल्फेअर, स्टाफ कॉन्ट्रिब्युशन, एक्सपीरियन्स चार्ज किंवा नुसतं ‘एससी’. एससी आणि त्याखालचं एसजीएसटी शेजारी शेजारी छापलेलं असलं की घाईत दोन्ही करच वाटतात. मजकूर मुद्दाम तसा लावतात का, सांगता येत नाही. पण मोठ्या टायपात छापलेला सर्व्हिस चार्ज कुठेच पाहायला मिळत नाही.

काढून घेण्याची पद्धत साधी. वेटरशी बोलू नका, त्याच्या हातात काही नसतं. कॅप्टनला किंवा मॅनेजरला बोलवा आणि आवाज न चढवता म्हणा, ‘सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या.’ बहुतेक वेळा दोन मिनिटांत नवीन बिल येतं, कारण संगणकात ती ओळ काढायचं बटण असतं. नवीन बिलात जीएसटीही कमी झालेला दिसला पाहिजे. १८०० रुपयांच्या जेवणावर सर्व्हिस चार्जसह बिल होतं २०७९ आणि त्याशिवाय १८९०. नुसते १८० वजा करून १८९९ मागत असतील तर वरचे नऊ रुपयेही तुमचेच आहेत.

नकार मिळाला तर जुन्या बिलाचा फोटो काढा, पैसे शक्यतो कार्डाने किंवा यूपीआयने द्या आणि बिलावर ‘हरकत नोंदवून रक्कम दिली’ असं लिहून सही करा. तक्रार कुठे करायची, ते शेवटी आहे.

टिप हा वेगळा मामला आहे. सेवा आवडली तर द्या, रोख द्या, ज्याने वाढलं त्याच्या हातात द्या. कार्ड मशीनवर टिपचा पर्याय येतो. तिथे मशीन आधी तुमच्या हातात आलं पाहिजे, कॅशियरच्या नाही.

कर

हॉटेलातल्या जेवणावर ५ टक्के जीएसटी. बिलात तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत दिसतो, सीजीएसटी आणि एसजीएसटी. एसी असो-नसो, बसून खा किंवा पार्सल न्या, दर तोच. अपवाद मोठ्या तारांकित हॉटेलातल्या रेस्टॉरंटचा : जिथे खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांच्या वर जातं, अशा हॉटेलांत जेवणावर १८ टक्के लागतो. म्हणजे लॉबीतल्या चायनीजमध्ये १० टक्क्यांची कूपन सूट घेऊनही तुम्ही मागेच राहता.

आता ज्याकडे कोणी बघत नाही ती गोष्ट. वस्तीतली अनेक छोटी हॉटेलं आणि कॅफे जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असणाऱ्यांना ती घेता येते. त्यांनी कर आपल्या खिशातून भरायचा असतो. ग्राहकाकडून जीएसटी घ्यायला त्यांना मनाई आहे. त्यांच्या बिलावर ‘टॅक्स इन्व्हॉइस’ नाही, ‘बिल ऑफ सप्लाय’ लिहिलेलं असतं. तरीही ५ टक्के लावलेले असतील तर ते पैसे सरकारला जात नाहीत.

तपासायला एक मिनिट लागतं. बिलावर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक शोधा. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ने होते, गोव्यातला ३०ने. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये तो टाका, लॉगिन लागत नाही. नाव, पत्ता आणि करदात्याचा प्रकार समोर येतो : रेग्युलर की कंपोझिशन. नोंदणी रद्द झालेली असेल तर तेही दिसतं. बिलावर क्रमांकच नाही आणि कर मात्र आहे, असं असेल तर तो कर देऊ नका.

आइस्क्रीमवर पूर्वी १८ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. पेस्ट्री आणि केकचंही तसंच. जुन्या बिलिंग मशीनवर १८चा दर राहून गेलेला नाही ना, तेवढं बघा.

परमिट रूममध्ये बिअर घेतलीत तर तिच्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो. नोव्हेंबर २०२३ पासून तो १० टक्के आहे. खाणं आणि मद्य यांची बेरीज वेगवेगळी दाखवलेली हवी. एकत्र बेरीज करून दोन्ही कर लावलेले दिसले तर बिल परत पाठवा. वयाचा पुरावा जवळ ठेवा : महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१ पूर्ण, बाकी मद्यासाठी २५.

शाकाहारी असाल तर

‘व्हेज’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका. पूर्व आणि आग्नेय आशियाई स्वयंपाकात मासळी पदार्थात दिसत नाही, रसात असते. थाई करीच्या तयार पेस्टमध्ये बहुधा सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असते. पपईच्या सॅलडमध्ये आणि पॅड थाईमध्ये फिश सॉस. मिसो सूपच्या पाण्यात बोनिटो मासा. किमचीत फिश सॉस. परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस. ‘व्हेज आहे का?’ या प्रश्नाला नेहमी ‘हो’च उत्तर येतं. प्रश्न असा टाका : ‘पेस्ट तुम्ही बनवता की डब्यातली? फिश सॉस, ऑयस्टर सॉस घालता का? तळायची कढई वेगळी आहे का?’ तिसऱ्या प्रश्नावर वेटर आत विचारायला गेला तर ठीक. जागेवरूनच ‘हो’ म्हणाला तर उत्तर त्याला माहीत नाही.

डेझर्ट कॅफेतही हेच. मूस, पन्नाकोटा, न भाजलेलं चीजकेक आणि मार्शमेलो घट्ट होतात ते बहुधा जिलेटिनने, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून येतं. अगार-अगार वापरलं असेल तर प्रश्न नाही, ते समुद्री शेवाळाचं. ‘एगलेस’ म्हणजे जिलेटिनमुक्त, असं नव्हे. तिरामिसूत मद्य असू शकतं, मुलांसाठी घेताना विचारा. बोबाचे काळे मोती मात्र कसाव्याच्या पिठाचे, म्हणजे आपल्या साबुदाण्याच्याच कुळातले. उपवासाला चालतील का, ते घरच्या मोठ्यांना विचारा. त्यातल्या पाकाची आणि रंगाची हमी मी घेणार नाही.

शेंगदाणा, तीळ, काजू किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर ऑर्डरच्या वेळी नाही, बसतानाच सांगा आणि ऑर्डरच्या चिठ्ठीवर लिहायला लावा. ‘अजिनोमोटो नको’ हे ताज्या परतलेल्या पदार्थात पाळता येतं. आधीच करून ठेवलेल्या सॉसमध्ये आणि सूपच्या स्टॉकमध्ये ते घातलेलं असेल तर तुमच्या सांगण्याने बाहेर येत नाही.

‘आइस्क्रीम’ आणि ‘फ्रोझन डेझर्ट’ यांतही फरक आहे. पहिल्यात दुधाचा स्निग्धांश, दुसऱ्यात वनस्पती तेल. डब्यावर तसं छापावं लागतं. कॅफेतला स्कूप कुठल्या डब्यातून येतो ते काउंटरवर वाकून बघायला संकोच करू नका. मस्तानीच्या ग्लासात तर फरक जिभेलाच कळतो.

वाढदिवस, सवलती, पार्सल

बाहेरून केक आणणार असाल तर आधी फोन करा. अनेक ठिकाणी केक कापण्याचा आकार असतो, कुठे शंभर, कुठे पाचशे. त्यात सुरी, प्लेट आणि मेणबत्ती धरली आहे का, तेही विचारा. ‘वाढदिवसाला डेझर्ट मोफत’ असेल तर ओळखपत्र मागतात. आधार दाखवायचंच असेल तर पहिले आठ अंक झाकलेलं ‘मास्क्ड’ आधार दाखवा, फोटो काढू देऊ नका.

मोबाइल नंबर देणंही सक्तीचं नाही. बिलासाठी ग्राहकाच्या नंबरचा आग्रह धरू नका, असं केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना कळवलं आहे. क्यूआर मेन्यू उघडताना ओटीपी मागत असेल तर छापील कार्ड मागा. असतं, खणात ठेवलेलं असतं.

अ‍ॅपवरच्या ‘३० टक्के सूट’वर जाण्याआधी चार गोष्टी वाचा : सूट मद्य, कॉम्बो आणि सेट मेन्यूवर आहे का, शनिवार-रविवारी चालते का, कमाल मर्यादा किती, आणि टेबल राखण्याचं शुल्क जेवणातून वजा होतं की बुडतं. सर्व्हिस चार्ज अनेकदा सूट मिळण्याआधीच्या रकमेवर लावलेला असतो. म्हणून आधी कागदी बिल मागून तो काढायला सांगा, मगच अ‍ॅपवर पैसे भरा. एकदा भरले की मॅनेजर अ‍ॅपकडे बोट दाखवतो आणि अ‍ॅप मॅनेजरकडे.

घरी मागवताना तीच डिश अ‍ॅपवर काही वेळा महाग असते. वर पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी, डिलिव्हरी आणि या शेवटच्या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. हॉटेल दोन किलोमीटरच्या आत असेल तर थेट फोन करा आणि स्वतः घेऊन या. रामेन मात्र पार्सल नेऊच नका. घरी पोचेपर्यंत नूडल्स सगळा रस पिऊन टाकतात.

वेळेचं म्हणाल तर बरीच एशियन हॉटेलं दुपारी साडेतीन ते सात बंद असतात आणि नकाशावर तरीही ‘उघडं’ दिसतात. लास्ट ऑर्डर बहुधा पावणेअकरा-अकराला. स्वस्तात खायचं असेल तर सोमवार ते शुक्रवार दुपारचा सेट लंच बघा : सूप, स्टार्टर, मेन मिळून रात्रीच्या एका मेन कोर्सएवढ्या पैशांत. कॅफेत शनिवार-रविवारी संध्याकाळी दर माणशी किमान एक ऑर्डर आणि तासाभराची मर्यादा असते. पाटी भिंतीवर असते, तीही तुमच्या पाठीमागे.

तक्रार करायची तर

लागतं ते एवढंच : मूळ बिल किंवा त्याचा स्वच्छ फोटो, मेन्यूच्या त्या पानाचा फोटो, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट. बिल थर्मल कागदावर असतं, पुसट होतं. त्याच रात्री फोटो काढा. बिलावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांकही असायला हवा, तो २०२२ पासून सक्तीचा आहे.

पैशांची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं, खर्च शून्य. कॉल राष्ट्रीय सुट्टीचे दिवस सोडून सकाळी आठ ते रात्री आठ, म्हणजे जेवणाच्या टेबलावरून रात्री नऊला तो लागणार नाही. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर ८८००००१९१५ला बिल पाठवून ठेवा. तक्रार क्रमांक जपून ठेवा, पाठपुरावा त्यावरच होतो. हेल्पलाइन दंड करत नाही, हॉटेलला कळवून तोडगा काढायचा प्रयत्न करते. दोनशे रुपयांसाठी बहुतेक हॉटेलं तिथेच पैसे परत करतात. नाही केले तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज : पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं.

खाण्यात किडा, शिळं मांस, पोट बिघडणं अशी तक्रार असेल तर ती अन्न व औषध प्रशासनाकडे, टोल फ्री १८००२२२३६५. उरलेला पदार्थ टाकू नका. डब्यात बंद करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दवाखान्यात गेला असाल तर त्या दिवसाची चिठ्ठी बिलाला जोडा.